तळहातावरचे मीठ

चऱ्होलीच्या पूर्वेला, जेथे नव्या गृहसंकुलांची रांग संपते आणि अद्याप न बांधलेल्या भूखंडांची सुरू होते, तेथे सिमेंटचा एक तुटका पाइप आडवा पडलेला आहे. दररोज सायंकाळी साडेपाच वाजता भिमाबाई त्या पाइपावर येऊन बसत. समोर तेवीस शेळ्या असत. त्यांतल्या चार भिमाबाईंच्या स्वतःच्या. उरलेल्या एकोणीस वस्तीतल्या नऊ घरांच्या. कमरेच्या पिशवीतून मूठभर खडेमीठ काढून त्या उजव्या तळहातावर घेत आणि हात पुढे धरीत. मग एकेक शेळी पुढे येई, दोन-तीन वेळा तळहात चाटी आणि बाजूला होई. तेविसावी जीभ लागली की हात पदराला पुसून भिमाबाई म्हणत, "पुरी झाली." त्यानंतरच शेळ्या ज्याच्या त्याच्या दारी सोडायच्या, असा नियम होता.

ही त्यांची मोजणी होती. भिमाबाईंची शाळा दुसऱ्या इयत्तेत सुटली, ती राजगुरुनगरजवळच्या त्यांच्या माहेरी. परंतु सोळा वर्षांत त्यांच्या कळपातली एकही शेळी हरवली नव्हती. डोळ्यांनी मोजायला गेले तर हलत्या जनावरांत चूक होते, एखादी दोनदा मोजली जाते, असे त्यांचे म्हणणे. जिभेने मोजले तर चूक होत नाही, कारण मिठाला न येणारी शेळी नसते. जी आली नाही ती एक तर मागे राहिली, किंवा आजारी आहे. मोजणी आणि तपासणी अशी दोन्ही कामे त्या एका मुठीत होऊन जात.

भिमाबाईंचे पती जयसिंग भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते. निवृत्त झाले तेव्हा हाताची दहाही बोटे शाबूत होती, याचा त्यांना अभिमान होता. कान मात्र प्रेसने ठेवून घेतले. नोकरीतल्या अखेरच्या वर्षांत भिमाबाईंनी दोन शेळ्या पाळल्या. त्या रिकाम्या भूखंडांवर चरायला नेताना शेजारणी म्हणू लागल्या, आमची पण ने. वस्तीतली बहुतेक माणसे शिफ्टवर जाणारी. मुलांना दूध हवे म्हणून दारात एक-दोन शेळ्या बांधत, पण त्यांना रानात फिरवायला वेळ कोणाला? ठरलेला मोबदला महिन्याच्या महिन्याला मिळे आणि त्यावरून कधी वाद झाला नाही. भूखंडांवरचे पहारेकरीही हरकत घेत नसत. झुडपे आणि सुबाभूळ फुकटात साफ होत असे. हरकत कशाला घ्यावी?

या मोजणीत आणखी एक रीत होती, आणि ती भिमाबाईंना त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे गोजाबाईंनी, शिकवली होती. नवी शेळी कळपात आली की जुन्या शेळ्या तिला शिंगांवर घेतात. म्हणून पहिल्या दिवशी मिठाचा पहिला मान नवीला द्यायचा. तिने चाटलेल्या हातावरून मग बाकीच्या चाटतात. तिचा वास त्यांच्या ओळखीचा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून धडका थांबतात. भिमाबाईंनी हे सोळा वर्षे पडताळून पाहिले होते. प्रत्येक वेळी खरे ठरले होते.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नवनाथ आपली नवी शेळी घेऊन आला. हा जालन्याकडचा तरुण, चाकणच्या एका कारखान्यात वाहनांचे सुटे भाग जोडण्याच्या कामावर होता. बायको विजयश्री आणि चार वर्षांची दिव्या यांच्यासह तो वस्तीतल्या हिंदुरावांच्या चाळीत, जेथे भिमाबाईही राहत, भाड्याच्या एका खोलीत राहत असे. शेळी तांबडी, उंच, भरल्या कासेची होती.

"मावशी, ही आमची. काल चाकणच्या बाजारातून आणली. दुसऱ्या वेताची आहे म्हणाला."

भिमाबाईंनी शेळीचे तोंड वर केले. "नाक का ओलं हाय रं हिचं?"

"टेम्पोत वारं लागलं असंल. चाकणच्या चौकात दीड तास उभा होता टेम्पो. माझंच नाक गळायलंय, तिचं का गळू नये?"

भिमाबाई हसल्या आणि त्यांनी दोर हातात घेतला. त्या सायंकाळी पाइपावर बसून त्यांनी मूठ उघडली आणि तांबडीला पुढे ओढले. तिने पहिल्यांदा चाटले. तिच्यामागून तेवीस जणींनी चाटले. धडका झाल्या नाहीत.

गुरुवारी तांबडी मिठाला आली नाही.

तिचे अंग तापले होते, डोळे चिकटले होते आणि ओठांच्या कडेला खपल्या दिसत होत्या. भिमाबाईंनी निदान केले: मावा. शेळ्यांच्या ओठांवर येणारा हा फोडांचा आजार त्यांनी अनेकदा पाहिला होता. हळद आणि तेल लावले की आठ-पंधरा दिवसांत उतरतो. त्यांनी वाटीत हळद कालवली आणि बोटाने ओठांना लावली. दुसऱ्या दिवशी दोन करडांच्या तोंडालाही त्यांना तसेच काही वाटले, म्हणून त्याच वाटीतली हळद, त्याच बोटाने, त्यांनाही लावली. उरलेल्यांना खबरदारी म्हणून लावली. संध्याकाळचे मीठ चालूच होते. मिठाने तोंड स्वच्छ राहते, असा त्यांचा समज होता.

मंगळवारी तांबडी मेली. तोवर आणखी सहा शेळ्यांच्या नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला होता, आणि त्यांना पाण्यासारखी हगवण लागली होती. बुधवारी पहाटे हिंदुरावांची दोन करडे गेली. माव्याने शेळी मरत नाही, हे भिमाबाईंना ठाऊक होते. त्यांनी जयसिंगांना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले.

दुपारी डॉक्टर योगिनी मोटारसायकलवरून आल्या. वयाने तिशीच्या आसपास, बोलणे थोडके. त्यांनी हातमोजे चढवले आणि एका शेळीचा जबडा उघडून भिमाबाईंना आतली बाजू दाखवली. हिरड्यांवर, जिभेखाली, गालांच्या आत कोंडा चिकटावा तसा पांढरा थर होता आणि त्याखाली व्रण. वास सोसवत नव्हता.

"मावा बहुतेक बाहेर असतो, मावशी. ओठांवर. जनावर त्यात जगतं. हे आतून आहे. आम्ही याला पीपीआर म्हणतो. जुनी माणसं बुळकांडी म्हणतील."

"बुळकांडी तर गुरांची."

"ती गुरांची आता नाहीशी झाली. ही तिची चुलत बहीण, शेळ्या-मेंढ्यांची. माणसाला होत नाही, घाबरू नका. पण शेळीपासून शेळीला लागते. नाकातून, तोंडातून, लेंडीतून." त्यांनी नमुने घेतले, नळ्यांवर नावे लिहिली. "लस कधी टोचलेली?"

तीन वर्षांपूर्वी गावात शिबिर झाले होते. तेव्हाच्या अकरा शेळ्यांना टोचले होते. पाहिले तर त्या अकराही उभ्या होत्या, रवंथ करीत होत्या. नंतर जन्मलेल्या आणि नंतर आणलेल्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी सूचना दिल्या: आजारी वेगळ्या बांधायच्या; मेलेल्या खोल पुरून वर चुना टाकायचा; निरोग्यांना उद्याच लस; आणि एकही शेळी बाजारात जाता कामा नये. मग वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारले, "एकाच भांड्यातून पाणी पितात का सगळ्या?"

"न्हाई, ओढ्याला पितात. वाहतं पानी."

"आणि खाणं? काही हातानं देता?"

भिमाबाईंनी मिठाची पिशवी दाखवली आणि मोजणी कशी होते ते सांगितले. सांगताना त्यांचा आवाज थोडा वर चढला, कारण ऐकणारे नेहमी या हिशेबाचे कौतुक करीत. डॉक्टर योगिनींचे लिहिणे थांबले.

"नवी शेळी आली त्या दिवशी ती कितवी चाटली?"

"पयली. पयला मान तिचाच आस्तो."

भिमाबाईंनी आपला उजवा तळहात पाहिला. एखादी वस्तू पहिल्यांदा हातात आल्यावर पाहावी, तसा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"मंजे मी..."

"मावशी, एकत्र चरतात, नाकाला नाक लावतात. हळूहळू पसरलंच असतं. मिठानं ते पहिल्याच दिवशी सगळ्यांपर्यंत गेलं, एवढंच." डॉक्टरांनी वही मिटली. "कारणं शोधणं माझं काम आहे, म्हणून विचारलं. वस्तीत कुणी तुम्हाला विचारणार नाही."

हे खरे होते. वस्तीत कोणी भिमाबाईंना विचारत नव्हते, कारण वस्तीला उत्तर आधीच सापडले होते. शेळी नवनाथने आणली. पहिली तीच मेली. तेव्हा रोग नवनाथने आणला. विजयश्री पाण्याच्या टाकीवर गेली की बाया घागर उचलून बाजूला होत. दिव्याला कोणीतरी "बुळकांडी" म्हणून हाक मारली. आणि हिंदुरावांनी, ज्यांची दोन करडे गेली होती, चारचौघांत सांगून टाकले होते की महिनाअखेर नवनाथने खोली रिकामी करावी. शिवाय उरलेल्या तीन शेळ्या पडण्याआधी शनिवारी चाकणच्या बाजारात नेऊन विकायला त्यांनी टेम्पो सांगून ठेवला होता. गुरुवारी सायंकाळी टाकीपाशी सर्वांनी जमायचे ठरले.

बुधवारी दिवेलागणीला भिमाबाईंनी हे सारे पतीला सांगायचे ठरवले. पण जयसिंगांना काही सांगणे म्हणजे साऱ्या चाळीला सांगणे. त्यांनी दार लावले, खिडकी लावली, कानाशी तोंड नेले.

"मिठानं?" जयसिंग ओरडले.

"हळू बोला की!"

"हळूच बोलतोय!" भांडी घासणारी शेजारीण थबकली असावी, कारण बाहेरचा आवाज थांबला. जयसिंगांनी हाताने आपला आवाज खाली दाबल्यासारखे केले. "डॉक्टरबाई बोलली न्हवं, कुणी इचारनार न्हाई. मग तू कशाला सांगत सुटतीस? सोळा वरसं तुझ्याकडं डोळं झाकून जनावरं देत्यात लोक. उद्या एक बी देनार न्हाई."

"ते मला बी कळतंय."

"मग?"

भिमाबाईंनी चुलीवरची भाकरी उलटली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या पोरीला बुळकांडी म्हनत्यात. चार वरसाची हाय." जयसिंगांना ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे; त्यांनी ताट पुढे ओढले.

गुरुवारी सकाळी डॉक्टर योगिनींनी निरोग्यांना लस टोचली. लागण आधीच झालेली असेल तर या लसीचा उपयोग नाही आणि ज्यांना होईल त्यांना तो दहा-पंधरा दिवसांनी, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. सायंकाळी टाकीपाशी नऊही घरांची माणसे जमली. नवनाथ पहिल्या शिफ्टवरून थेट आलेला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. तो कट्ट्याच्या टोकाला मान खाली घालून बसला. विजयश्री त्याच्यामागे उभी.

पहिला टोला मात्र भिमाबाईंवरच पडला. मंजुळाबाई, ज्यांची दोनपैकी एक शेळी त्याच दुपारी गेली होती, म्हणाल्या, "भिमाबाई, तुझ्या चार बऱ्या धडधाकट ऱ्हायल्या गं!"

"लस टोचली व्हती त्यांना. तुला बी बोलवलं व्हतं शिबिराला. तू म्हनालीस, सुईनं दूध आटतं."

दोघे-तिघे हसले. मंजुळाबाईंनी तोंड फिरवले. हिंदुरावांनी घसा खाकरला.

"हसायला जमलो न्हाई आपन. ज्यानं घाण आनली त्याचं बोला. नवनाथ, बाजारातनं जनावर आनताना डोळं कुठं व्हतं तुझं? नाक गळत व्हतं तिचं, हे भिमाबाईंनी सुद्धा पायलं."

"चुकलं दादा," नवनाथ म्हणाला. "मला जनावराचं एवढं कळत नाही. लेकीला दूध पाहिजे म्हणून आणली."

"चुकलं म्हनून माझी करडं उठनार हायत का? महिनाअखेर खोली रिकामी. हा इषय संपला."

त्यावेळी भिमाबाई उठल्या. काय बोलायचे ते त्यांनी दिवसभर मनाशी रचले होते; उभ्या राहिल्यावर त्यातले काहीच आठवले नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला, रोज करीत तसा, आणि मूठ उघडली. मूठ रिकामी होती.

"इषय संपला न्हाई, दादा. त्याच्या शेळीनं आनलं, हे खरं. पर ती एका जागी बांधली असती तर तिच्याजवळ ऱ्हायलं असतं. पयल्या सांजला तिला मी पयलं मीठ दिलं. मग त्याच हातावर तुमच्या समद्यांच्या शेळ्यांनी तोंड घातलं. वर हळद लावली, ती बी ह्याच बोटानं. तुमच्या करडांच्या तोंडात मी नेलं ते. नवनाथनं न्हाई."

टाकीतून पाणी वाहून जात होते. कोणी तोटी बंद केली नाही.

"हे तुमाला कुनी सांगितलं?" हिंदुरावांनी विचारले.

"डॉक्टरबाईंनी. आन् सांगू नको म्हनाल्या न्हाईत. मीच गप ऱ्हानार व्हते. खोली रिकामी करायची तर आदी मला सांगा, कुटं जाऊ ते."

"सोळा वरसं..." मंजुळाबाई पुटपुटल्या. "सोळा वरसं आमी हिच्या हातात..."

"व्हय. सोळा वरसं ह्याच हातात." भिमाबाईंनी हात खाली घेतला. "आनखी एक सांगते, मग बसते. दादा, शनवारी तीन शेळ्या बाजारात नेऊ नका. नवनाथला ज्यानं तांबडी इकली त्याला ठाव न्हवतं का तिचं नाक गळतंय ते? ठाव असनार. घरात पडायच्या आदी त्यानं ती टेम्पोत घातली. तुमी बी तेच करनार. मग तिकडं कुनाची तरी पोरगी दुधाची वाट बघत आसंल."

हिंदुराव उठले. ते फार रागीट गृहस्थ नव्हते. त्यांची करडे त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवली होती, हे सर्वांना ठाऊक होते. चप्पल घालून ते निघून गेले. बैठक मोडली ती ठराव न होता. जाता जाता विजयश्री भिमाबाईंपाशी थांबली; तिने त्यांच्या खांद्यावरून ओघळलेला पदर नीट केला आणि ती नवऱ्यामागून गेली.

शनिवारी सकाळी टेम्पो आला, चाळीसमोर पंधरा मिनिटे उभा राहिला आणि रिकामा परत गेला. महिनाअखेर आली तरी नवनाथच्या खोलीचा विषय निघाला नाही. पण हिंदुराव भिमाबाईंशी त्यानंतर बोलले नाहीत, आणि त्यांच्या तीन शेळ्या त्यांनी दारातच बांधून ठेवल्या.

चोवीस शेळ्यांपैकी एकूण नऊ गेल्या. जयसिंगांनी आणि नवनाथने मिळून खड्डे खोदले. नवनाथ रात्रपाळीवर असे तेव्हा सकाळी थेट येऊन फावडे धरी. उरलेल्या पंधरांपैकी पाच शेळ्या मालकांनी परत पाठवल्या नाहीत: हिंदुरावांच्या तीन आणि आणखी दोन घरांची एकेक. त्यांच्या दारावरून जाताना त्या शेळ्या ओरडत आणि दोरीला ताण देत. भिमाबाई तिकडे पाहत नसत.

दीड महिन्याने, डॉक्टर योगिनींनी होकार दिल्यावर, दहा शेळ्यांचा कळप पुन्हा भूखंडांवर जाऊ लागला. पिशवी आता कमरेला नव्हती. भिमाबाईंनी नवी पद्धत घालून दिली: सायंकाळी प्रत्येक घराने आपले मीठ आणून आपल्या हाताने आपल्याच शेळीला चाटवायचे आणि मग तिला न्यायचे. ज्याची शिफ्ट लांबेल त्याची शेळी पाइपापाशी थांबेल. यामुळे पहिल्यांदाच असे घडू लागले की सायंकाळी साडेपाचला तेथे शेळ्यांबरोबर माणसेही जमू लागली. मंजुळाबाई पहिल्या दिवसापासून आपल्या उरलेल्या एका शेळीसाठी येत आणि पहिल्या दिवसापासून कुरकुरत.

"आता मीठ बी आमचं आन् हात बी आमचा. मग तू काय करतीस गं?"

"मी मोजते," भिमाबाई म्हणत.

मोजणी आता तोंडाने होई. एकेक शेळी मिठाला लागली की मोठ्याने आकडा. पहिले काही दिवस शेळ्या आपल्या मालकाकडे न जाता पाइपाकडेच येत आणि भिमाबाईंच्या मिटलेल्या मुठीवर नाक घाशीत. त्या मूठ उघडत नसत. मूठ पदराखाली घेत आणि मान दुसरीकडे करीत.

जूनमध्ये नवनाथने दुसरी शेळी आणली, काळी, कानांवर पांढरे ठिपके असलेली. या वेळी बाजारात जाताना त्याने जयसिंगांना बरोबर नेले होते. जयसिंगांनी तीन शेळ्यांचे जबडे उघडून पाहिले आणि विकणाऱ्याशी इतक्या मोठ्या आवाजात चौकशी केली की भोवती गर्दी जमली. काळीला लस टोचून चाळीच्या मागे एकटीला बांधले. एकवीस दिवस तिच्या जवळ विजयश्रीखेरीज कोणी गेले नाही. दिव्या लांबून तिला पाला दाखवी.

बाविसाव्या दिवशी सायंकाळी विजयश्री तिला पाइपापाशी घेऊन आली. जुन्या शेळ्यांनी शिंगे खाली केली. एकीने एक धडक दिलीसुद्धा. भिमाबाईंचा उजवा हात सवयीने वर आला आणि काळी, जिला त्या हाताविषयी काहीच ठाऊक नव्हते, तरीही त्याच्याकडे वळली. भिमाबाईंनी मूठ घट्ट केली आणि दुसऱ्या हाताने तिचे तोंड हळूच बाजूला वळवले.

"तुझं मीठ तिकडं हाय, बाई."

विजयश्रीने तळहात पुढे केला. काळीने हुंगले, चाटले. भिमाबाई वाट पाहत राहिल्या, मंजुळाबाईंची शेळी शेवटी मिठाला लागेपर्यंत. मग म्हणाल्या, "अकरा. पुरी झाली."